किल्लीचा कीस

दाराला तीन कुलपं होती, आणि आत बसलेल्या बाईला ती तिन्ही उघडता येत होती.

"मग लावलीत कशाला?" तपासाला आलेल्या अधिकारीबाईंनी विचारलं.

"मनाला धीर," आतल्या बाईच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणाला. जागरणाने त्याचे डोळे सुजले होते. "तिची हत्यारं काढून घेतलीयत. पण तिचा भरवसा नाही, बाई. हे घरच कुलूपवाल्यांचं."

सकाळी फोन त्यानेच केला होता. बायको दुसऱ्यांदा बेशुद्ध पडली, इस्पितळात आहे, तिला कोणीतरी इन्शुलिन टोचतंय आणि टोचणारी घरातच आहे. एका दमात एवढं सांगून तो फोनवरच रडायला लागला होता.

अधिकारीबाईंना खात्यात पाठीमागे सगळे 'चिमटा' म्हणत. एकदा धरलं की सोडत नाहीत म्हणून, आणि बोलतात तेही चिमटे काढतच म्हणून. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही.

"वर जाण्याआधी मला दुकान दाखवा," त्या म्हणाल्या.

खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. भिंतीवर न कापलेल्या किल्ल्यांच्या रांगा, कोपऱ्यात किल्ली कापायचं यंत्र, आणि कामाची दोन टेबलं. डावं टेबल तेल, कानशी आणि पितळेच्या किसाने भरलेलं. उजवं टेबल खिडकीखाली, झाडूनपुसून लख्ख, हत्यारांवर घडी घातलेलं फडकं. बाहेर अंगावर काटा येईल अशी थंडी होती आणि खिडकी सताड उघडी.

"हे टेबल कोणाचं?"

"बायकोचं. तिजोरी उघडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. बँकवाले तिलाच बोलावतात."

"हल्ली काम कमी आहे?"

"छे, मरायला फुरसत नाही."

"आणि खिडकी?"

"तिला उकडतं. आम्ही कुडकुडतो आणि ही खिडक्या उघडत फिरते. परवा घरी आल्या आल्या आधी हीच उघडली. मग मीही बंद केली नाही."

चिमटाबाईंनी टेबलावरून बोट फिरवलं. बोटाला कीस लागला नाही.

"पहिल्यांदा कधी पडल्या त्या?"

"गेल्या आठवड्यात. दुपारी जेवून निजली होती. उठवायला गेलो तर घामाने चिंब, बोलणं असंबद्ध. इस्पितळात साखर तपासली, ती जवळजवळ नव्हतीच. आणि रक्तात इन्शुलिन इतकं, की मशीनची हद्द संपली म्हणे. पोटाचा स्कॅन केला. स्वादुपिंडात गाठ नाही, काही नाही. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात इन्शुलिन घेणारं कोणी आहे का?"

"आणि आहे."

"मेहुणी. लहानपणापासून तिला मधुमेह. दर जेवणाआधी टोचून घेते."

त्या दिवसापासून त्याने मेहुणीचं सगळं इन्शुलिन लोखंडी पेटीत घातलं. पेटीची किल्ली त्याच्या कमरेला. डोस घ्यायचा तो त्याच्यासमोर. दुकानात काम करायचं तेही तो समोर असेल तेव्हाच, एरवी खोलीत. ताईच्या जिवासाठी म्हणून ती हो म्हणाली होती.

"आणि तरी काल?"

"तरी काल! इस्पितळातून आणून दोन दिवस झाले नाहीत. दुपारची वेळ, मी खाली गिऱ्हाइकाशी बोलतोय. चहाला वर गेलो तर ही तशीच. पेटी उघडून पाहिली, एक नळी कमी. मेहुणीची खोली धुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात हे मिळालं."

त्याने रुमालाची घडी उलगडली. आत इन्शुलिनच्या पेनमध्ये घालतात ती बोटाएवढी काचेची नळी होती. एका टोकाला पत्र्याचं टोपण, पार दुसऱ्या टोकाला राखाडी रबरी बूच, मधे नुसती हवा.

"खोलीची कुलपं लागलेली होती?"

"तिन्ही."

"पेटीचं?"

"तेही."

"म्हणजे ती आतून दार उघडून बाहेर आली, पेटी उघडली, बहिणीला टोचलं, पेटी लावली, खोलीत जाऊन तिन्ही कुलपं आतून लावली आणि एवढी अक्कल खर्च करून पुरावा टाकला स्वतःच्याच डब्यात."

"तिला काय अशक्य आहे?"

"उघडणं अशक्य नाही हो. ते डब्यात टाकणं माझ्या घशाखाली उतरत नाही."

त्याने खांदे उडवले. "घरात आम्ही तिघंच. मी नाही, म्हणजे तीच. नाव सगळं ताईचं, राबायचं हिने. जळत असेल."

"ताईंना पाहिलंत तेव्हा आणखी काही वेगळं दिसलं?"

तो आठवू लागला. "ओठ चिकट होते. लिंबाचा वास होता. पण मी दर तासाला तिला रस पाजतो ना. मोसंबीचा, साखर घालून. साखर उतरायला नको म्हणून. सगळं सोडून तेच करतोय मी."

हे तो खरं सांगत होता. बायकोवर त्याचा जीव होता, याबद्दल चिमटाबाईंना शंका नव्हती. अडचण अशी, की जीव असलेली माणसंच सगळ्यात जास्त घोळ घालतात, असा त्यांचा नोकरीभरचा अनुभव होता.

वरच्या खोलीची कुलपं दारातच बसवलेली होती. दोन्ही बाजूंना भोकं, किल्ली कुठूनही लागावी अशी. नवऱ्याने एकामागून एक ती उघडली आणि चिमटाबाईंनी त्याला बाहेरच थांबवून दार ओढून घेतलं.

धाकटी खाटेच्या कडेवर बसली होती. चाळिशीच्या आतबाहेरची, बोटांची टोकं काळी, चेहरा उतरलेला.

"तुम्ही बहिणीला टोचलंत?"

"नाही."

"काल या दारातून बाहेर पडलात?"

"कुलपं लागलेली होती. भावोजींना विचारा."

"मी दाराचं विचारलं, कुलपांचं नाही."

धाकटी खाटेवरची चादर सारखी करू लागली. चिमटाबाई खोलीभर फिरल्या. खिडकीच्या कट्ट्यावर केसांचे दोन आकडे पडले होते, दोन्ही सरळ केलेले, एकाचं टोक किंचित वाकडं.

"हे कोणी केलं?"

"हाताला चाळा. दिवस जात नाही."

उशाशी एक मऊ ट्यूब होती. अर्धी पिळलेली. चिमटाबाईंनी हुंगली. लिंबू.

"हे काय?"

"साखरेचं जेल. माझी साखर एकदम उतरली तर तोंडात पिळायला."

"शेवटचं कधी वापरलंत?"

"आठवत नाही."

कोपऱ्यात वापरलेल्या सुया आणि रिकाम्या नळ्या टाकायचा पत्र्याचा डबा होता. चिमटाबाईंनी तो उजेडात नेला आणि एकेक नळी काढून पाहिली. प्रत्येक नळीतलं रबरी बूच सरकत सरकत पुढे येऊन टोपणाला भिडलेलं होतं. त्यांनी डबा बंद केला आणि काखेत मारला.

"खाली ताईंच्या टेबलावर काम का नाही?"

धाकटीने मान खाली घातली. "ते ताईला विचारा."

"मी तुम्हाला विचारतेय."

"मी शब्द दिलाय."

"हा शब्द तुम्हाला तुरुंगात घालेल, बाई."

"कळतंय मला."

चिमटाबाईंना राग आला. खोटं बोलणारी माणसं त्यांना चालायची, ती कुठेतरी चुकतात. खरं धरून गप्प बसणाऱ्यांचं काय करायचं?

"डोस वेळेवर मिळतो?"

"मिळतो. परवा भावोजी विसरले. तोंड कोरडं पडलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा दार बडवलं. मग आले."

"तुम्हाला तर दार उघडता येतं."

"उघडलं असतं तर भावोजी म्हणाले असते, बघा, निघाली की नाही बाहेर!" ती कसनुसं हसली. "कुलपाचं काम येतं हाच माझा गुन्हा झालाय, बाई. दार लागलेलं असलं तरी मीच, उघडं असलं तरी मीच. मी बसू तरी कुठे?"

अटक करायला पुरावा पुरेसा होता, पण मन घेत नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला. तिन्ही किल्ल्या नवऱ्याच्या हातून स्वतःच्या पिशवीत गेल्या. इन्शुलिन सगळंच्या सगळं पोलीस ठाण्याच्या फ्रिजमध्ये गेलं आणि जेवणाच्या वेळी शिपाईबाईने किल्ल्यांसकट ते घेऊन यायचं ठरलं. दुसरी शिपाईबाई इस्पितळात थोरलीच्या उशाशी बसवली.

चिमटाबाईंनी दारातून पाहिलं, तेव्हा थोरली पलंगावर टेकून बसली होती. खोलीत गारठा असूनही तिने पांघरूण लाथाडलं होतं. डोळे मोठे आणि चमकदार, गळ्याला घट्ट गुंडाळलेला रेशमी रुमाल. बोटातली अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळला होता.

बाहेर नर्सने आपणहून तक्रार केली. "यांच्या बाबतीत आमचं साखर मोजायचं यंत्र बिघडतंय बघा. रस प्यायल्या की इतकी वर, की मधुमेह्यालाही लाजवील. मग काही तासांनी धपकन खाली. मी यंत्र बदलून आणलं तरी तेच."

"पण इन्शुलिन टोचलेल्या माणसाची साखर आधी वर कशी जाईल?" चिमटाबाईंनी विचारलं.

"तेच तर," नर्स म्हणाली. "म्हणून म्हटलं, यंत्रच बिघडलंय."

चिमटाबाई आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "हात पुढे करा. बोटं पसरा." मग त्यांनी पिशवीतला एक कोरा कागद त्या बोटांवर ठेवला. कागद फडफडू लागला.

थोरलीने हात झटकन मागे घेतला. "घाबरलेय मी."

"घाबरायला आज कारण आहे. पण टेबल कितीतरी दिवसांपासून रिकामं आहे. तिजोऱ्या कोण उघडतंय?"

थोरलीने अंगठीवरचा दोरा फिरवला. "धाकटी," ती म्हणाली. "मी तिला मदतनीस म्हणून बँकेत नेते, सगळ्यांना बाहेर काढते, आणि आत काम ती करते. हात थरथरणाऱ्या बाईला तिजोरीला हात कोण लावू देईल? तिने सांगितलं वाटतं."

"एक अक्षर नाही. तीच तर बोलत नाही, म्हणून तिच्या खोलीला तीन कुलपं लागलीयत."

"कसली कुलपं?"

नवऱ्याने हिला काही सांगितलंच नव्हतं, हे चिमटाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. धाकटी कामाच्या घाईत आहे, एवढंच तो सांगत आला होता. चिमटाबाईंनी थोडक्यात सगळं सांगितलं. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोंडलंय? माझ्या धाकटीला? अहो, तिला मी खांद्यावर घेऊन वाढवलंय!"

"मग आता सगळं सांगा."

थोरलीने गळ्यावरचा रुमाल सोडला. गळा पुढून सुजलेला होता. थायरॉइड वाढलेलं; उकडणं, थरथर सगळं त्यातलंच. दुसऱ्या गावातल्या डॉक्टरकडे जाऊन तिने तपासण्या करून घेतल्या होत्या आणि महिन्याभरापासून गोळी चालू होती. गोळ्यांची डबी नमुन्याच्या एका मोठ्या कुलपाच्या पोटात लपवलेली, आता इथे पिशवीच्या तळाशी. या इस्पितळातही तिने ते सांगितलं नव्हतं. सांगितलं तर नवऱ्याला कळेल, नवऱ्याला कळलं की दुकानात, आणि दुकानात कळलं की बँकेत.

"काल पडलात तेव्हाचं काही आठवतं?"

"कोणीतरी तोंडात गोड पिळत होतं. 'ताई, गिळ, गिळ' म्हणत होतं."

"कोण?"

थोरलीने तोंड मिटलं. "दार बंद होतं ना? मग स्वप्न असेल."

दोघी बहिणी एकाच माळेचे मणी, चिमटाबाईंनी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाईबाईचा इस्पितळातून फोन आला. थोरली पुन्हा बेशुद्ध. खोलीत कोणी आलं नव्हतं, कोणी काही टोचलं नव्हतं. इन्शुलिन ठाण्याच्या फ्रिजमध्ये आणि धाकटी कुलपात. चिमटाबाईंनी ताबडतोब डॉक्टरांना गाठलं. त्या गोळीचं नाव ऐकल्यावर डॉक्टर जागच्या जागी थांबले. मग त्यांनी रक्ताच्या आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या.

अहवाल आले तेव्हा थोरलीने हट्टच धरला, जे काय सांगायचं ते धाकटीच्या दाराशी सांगा. एका दिवसाच्या बोलीवर डॉक्टरांनी सोडलं. तिला बाहेरच्या चिंचोळ्या बोळात खुर्चीवर बसवलं. नवरा भिंतीला टेकून उभा राहिला, शिपाईबाई जिन्याशी. कुलपं तशीच होती.

"आत ऐकू येतंय ना?" चिमटाबाईंनी विचारलं.

"येतंय," दाराआडून आवाज आला.

"मग ऐका. वैद्यकीचं जे बोलेन ते डॉक्टरांचं, मी फक्त घोकून आलेय. आपल्या शरीरात एक राखणदार फौज असते. काही घराण्यांत ती चुकून घरच्यांवरच उलटते. धाकटीच्या लहानपणी ती स्वादुपिंडावर उलटली, इन्शुलिन बनायचं थांबलं. थोरलीची फौज थायरॉइडवर गेली. रोग दोन, पण मूळ खोड एकच, म्हणून एका घरात दोन्ही आढळतात. आणि कधी कधी एकाच माणसातही ही फौज दोन्हीकडे हात मारते. थायरॉइडच्या काही गोळ्यांनी, फार क्वचित, असं होतं की ती स्वतःच्याच इन्शुलिनवर धावून जाते."

"पण इन्शुलिन तर जास्त निघालं," नवरा म्हणाला.

"तीच मेख आहे. फौज इन्शुलिनला मारत नाही, धरून ठेवते. जेवलं किंवा रस प्यायला की साखर चढते. धरलेलं इन्शुलिन कामाचं नाही, म्हणून शरीर आणखी सोडतं. तेही धरलं जातं. असा साठा वाढत जातो. मग काही तासांनी पकड सुटते, सगळं एकदम मोकळं होतं आणि माणूस कोसळतो. नर्सचं यंत्र बिघडलेलं नव्हतं. आणि तुम्ही मायेने दर तासाला पाजलेल्या रसाने या साठ्यात भरच पडत होती."

चिमटाबाई थांबल्या नाहीत.

"हे खरं कशावरून? तुमच्याच धंद्यातलं सांगते. घरात किल्ली घासली तर खाली काय पडतं?"

"कीस," थोरली म्हणाली.

"आणि बाजारातून तयार किल्ली आणली तर घरात कीस पडत नाही. शरीर स्वतः इन्शुलिन बनवतं तेव्हा त्यातून एक तुकडा सुटून रक्तात पडतो. कारखान्यातल्या इन्शुलिनसोबत तो येत नाही. बाहेरून टोचलं असतं तर ताईंच्या रक्तात हा कीस अगदी कमी दिसला असता. तो भरभरून निघाला. दुसऱ्या तपासणीत ती उलटलेली फौजही सापडली. ताईंना कोणीही काहीही टोचलेलं नाही. तुमच्या घरात चूक एकच झाली. कुलूपवाले तुम्ही. काही बिघडलं की चोर कुठून आत शिरला, एवढंच शोधता. आतच काही असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही."

दाराआड हुंदका ऐकू आला.

"मग ती नळी?" थोरलीने विचारलं.

चिमटाबाईंनी दोन नळ्या काढून तळहातावर ठेवल्या. "ही धाकटीने पेनमधून वापरलेली. पेन मागून बूच ढकलतं, म्हणून ते टोपणापर्यंत आलंय. सिरिंजने ओढलं असतं तरी ते सरकलंच असतं. आणि ही कचऱ्याच्या डब्यात सापडलेली. इन्शुलिन गेलं, पण बूच मूळच्या जागी. म्हणजे हे कोणाच्या अंगात गेलंच नाही. टोपणाला टोच्याने मोठं भोक पाडून मोरीत ओतून दिलंय. वीस-पंचवीस वर्षं या नळ्या हाताळणारी बाई अशी चूक करणार नाही. ज्याने पेन कधी हातात धरलं नाही, तो करेल. पेटीची किल्ली कोणाच्या कमरेला होती?"

नवऱ्याचा हात कमरेकडे गेला.

"मला खात्री होती," नवरा म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते. दुसरं होतं कोण घरात? तुम्ही आलात की पुरावा मागाल, तो नव्हता, म्हणून... खोटं नव्हतं माझ्या मनात. ती वाचायला हवी होती फक्त."

"तुमची खात्री खरी ठरली असती, तरी हा पुरावा खोटाच होता. आणि खात्रीपायी एका बाईचं औषध तुम्ही कुलपात ठेवलंत आणि एक दिवस विसरलात. चला, बाकीचं ठाण्यात."

"मला विचारलं असतंत," थोरली म्हणाली.

"तू मला सांगितलं असतंस," तो म्हणाला. दोघांचंही खरं होतं, आणि त्याचा आता उपयोग नव्हता.

तो जिन्याकडे वळला, तेव्हा चिमटाबाई म्हणाल्या, "जाण्याआधी एक ऐकून जा. त्या दुपारी ताईंच्या ओठांवर मोसंबी नव्हती, लिंबू होतं. धाकटीला भिंतीपलीकडच्या आवाजावरून बहीण पडल्याचं कळलं. तिने केसांच्या आकड्यांनी ही तिन्ही कुलपं उघडली, बहिणीच्या तोंडात साखर पिळली, तुमची पावलं वाजली तशी परत येऊन तिन्ही लावून घेतली. बाहेर दिसली असती तर गुन्हा तिच्यावरच शेकणार, हे तिला ठाऊक होतं. पळून जायला दार उघडंच होतं. तुमची बायको जिवंत आहे ती तिच्यामुळे."

नवऱ्याने एकदा दाराकडे पाहिलं. तो शिपाईबाईबरोबर जिना उतरला.

चिमटाबाईंनी पिशवीतून किल्ल्या काढल्या आणि दाराकडे वळल्या. थोरलीने त्यांचा हात धरला.

"मला द्या."

ती खुर्चीवरून उठली. पहिली किल्ली कुलपाभोवती खडखड करत फिरली आणि भोकात जाईना. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. किल्ली पुन्हा पत्र्यावरून घसरली. ज्या हातांनी बँकांच्या तिजोऱ्या उघडल्या होत्या, त्यांना घरातलं साधं कुलूप सापडत नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चिमटाबाई मदतीला पुढे झाल्या आणि मग थांबल्या.

आत धाकटीकडे आकडे होते. पापणी लवायच्या आत तिने दार उघडलं असतं. पण आतून एवढाच आवाज आला.

"सावकाश, ताई. मी कुठे पळून जातेय?"